आत्याचे एकतीस शतांश

माझ्या आत्याचा उजवा अंगठा आमच्या तलावावर प्रसिद्ध होता. तलाव म्हणजे पोहण्याचा, पंचवीस मीटर लांब, सहा लेनचा, निळ्या फरशांचा. आत्या सकाळी तिथल्या तिकीटखिडकीत बसायची आणि संध्याकाळी सरावाची मुलं आली की गळ्यात स्टॉपवॉच अडकवून काठावर उभी राहायची. तिला सगळे घड्याळताई म्हणत. आत्या म्हणणारी मी एकटीच, कारण ती माझ्या बाबांची थोरली बहीण होती आणि आमच्याच घरात वरच्या खोलीत राहायची. तिचं लग्न झालेलं नव्हतं. "जमलं नाही," असं आई सांगायची. "केलं नाही," असं आत्या सांगायची. आणि दोन्ही वेळा बाबा वर्तमानपत्रात तोंड खुपसायचे.

आत्याचं सगळंच ठरलेलं. पाणी पिताना सहा घोट. छत्री उघडायची ती डाव्या हाताने. एकदा एखादी गोष्ट "नको" म्हणाली की देव खाली उतरला तरी नकोच. आणि वेळ घेण्यात तर तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. आमचे पोहण्याचे सर नवीन आले तेव्हा त्यांनी तिची परीक्षा घेतली होती. तलावाच्या भिंतीवर लाल सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ होतं. सर म्हणाले, "काटा बारावर आला की सुरू करा, फिरून बारावर आला की बंद करा." आत्याने दहा वेळा केलं. दहाही वेळा साठ सेकंद, आणि पुढेमागे फार तर दोन शतांश. सरांनी स्टॉपवॉच उलटंसुलटं करून पाहिलं, मग आत्याचा अंगठा पाहिला आणि म्हणाले, "हे तर बोटाला लावलेलं यंत्र आहे!"

दुसरे वेळ घेणारे होते माळीकाका. तलावाभोवतीच्या बागेचे ते माळी. नियमाने दोन घड्याळं हवीत म्हणून त्यांच्या मातीने भरलेल्या हातात दुसरं स्टॉपवॉच दिलेलं असायचं. माणूस अतिशय प्रेमळ, पण वेळ घ्यायला अगदी निकामी. शर्यत सुरू झाली की ते पोहणाऱ्यांइतकेच पाण्यात असायचे. "मार हात! मार! अगं पाय, पाय कुठे ठेवलेस तुझे!" या आरडाओरड्यात कधी ते शिट्टी वाजायच्या आधीच बटण दाबायचे, कारण शिट्टी वाजवणाऱ्याचे गाल फुगलेले पाहून त्यांना राहवायचं नाही. कधी मुलगी भिंतीला हात लावून, टोपी काढून, नाक शिंकरून झालं तरी घड्याळ चालूच. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर कोणाचा धरायचा, हा प्रश्नच नव्हता. वहीत आत्याचा आकडा शाईने, माळीकाकांचा पेन्सिलीने. बावीस वर्षं असंच चाललं होतं.

मी तेरा वर्षांची होते त्या वर्षी आमच्या तलावावर कमालच झाली. एकाच मोसमात आम्ही सातजण मोठ्या निवडीच्या वेळेखाली पोहलो. सात! त्याआधी दोघांहून जास्त कधी गेले नव्हते. माझी पन्नास मीटरची वेळ चौतीस सेकंद एकतीस शतांश, आणि निवडीसाठी हवी होती साडेचौतीस. सरांनी सगळ्यांसमोर वही वाचून दाखवली आणि आम्ही कपड्यांसकट पाण्यात उड्या मारल्या. त्यात एका मुलाचे वडीलही होते, हातात पिशवी घेऊन.

निवड दुसऱ्या मोठ्या शहरात होती, बसने चार तास. सातजण, सर, आत्या आणि सामान सांभाळायला माळीकाका. बसमध्ये आम्ही इतकी गाणी म्हटली की चालकाने आरसा वळवून आमच्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच गायला लागला. आत्या पुढच्या सीटवर पाठ ताठ करून बसली होती. मांडीवर वही. सातही नावं तिने सुवाच्य अक्षरात लिहून आणली होती, प्रत्येकापुढे घरची वेळ, आणि त्यापुढे एक रिकामा रकाना.

तिथला तलाव पाहून आमचे डोळे विस्फारले. वर छप्पर, पाण्यात दिवे, आणि वेळ घ्यायला माणूसच नाही! भिंतीला पातळ पट्ट्या लावलेल्या. हात टेकला की वेळ थांबायची आणि वर फळ्यावर आकडे लखकन उमटायचे. सुरुवातीचा भोंगाही त्याच यंत्राला जोडलेला. भोंगा वाजतो त्याच क्षणी घड्याळ सुरू. यंत्राजवळ एक लांब वेणीची, कॉलेजात शिकणारी मुलगी बसली होती.

आत्याने यंत्राकडे पाहिलं, जसं एखादी अनुभवी सुगरण बाजारातल्या तयार पिठाकडे पाहते.

मग शर्यती सुरू झाल्या, आणि आमचं विमान धाडकन खाली आलं. मी जीव तोडून पोहले. वर पाहिलं तर चौतीस बासष्ट. बारा शतांशांनी हुकलं. माझ्यानंतर आमचा 'खांब' नावाचा उंच मुलगा, तोही हुकला. मग अजून एकजण. मग आणखी एक. सातातले पाच गेले. सर आधी पांढरे पडले, मग लाल झाले.

"घाबरलात!" ते आमच्यावर ओरडले. "घरी वाघ, इथे शेळ्या! मोठा तलाव पाहिला आणि हातपाय गळाले तुमचे!"

आम्ही पाचजण टॉवेल गुंडाळून बाकावर बसलो आणि रडायच्या बेतात होतो. खांब तर रडतच होता, पण अंग ओलं असल्यामुळे त्याला नाकारता येत होतं.

आत्या मात्र बाकाच्या टोकाला जाऊन बसली. तिने वही उघडली, रिकाम्या रकान्यात यंत्राच्या वेळा लिहिल्या आणि पुढे वजाबाकी केली. मी तिच्या खांद्यावरून पाहत होते. तीस शतांश. सव्वीस. पस्तीस. एकतीस, ती मी. अठ्ठावीस. चौतीस. एकोणतीस. ती पेन्सिलीचं टोक एकेका आकड्यावर टेकवत वरून खाली गेली आणि पुन्हा खालून वर आली.

"सर," ती म्हणाली, "मुलं घाबरली म्हणता?"

"मग काय!"

"सातजण आहेत. यातली ही," तिने आमच्यातल्या सगळ्यात धीट मुलीकडे बोट दाखवलं, जिला आम्ही बेडकी म्हणायचो, "ही विहिरीत रात्रीची उडी मारेल. आणि हा खांब चिमणीला घाबरतो. दोघं सारखीच कशी घाबरली? शतांश मोजून?"

सरांनी बेडकीकडे पाहिलं, मग खांबाकडे.

"म्हणजे यंत्रच चुकतंय," आत्याने निकाल दिला आणि तरातरा यंत्राकडे निघाली. मागोमाग मी, माझ्यामागे माळीकाका, त्यांच्या गळ्यात आमच्या सात पिशव्या.

वेणीवाली मुलगी बिचारी सँडविच खात होती. आत्याने तिला सांगितलं की तुझं यंत्र तीसेक शतांश चुकतंय. मुलीने घास गिळला आणि नम्रपणे सांगितलं, "मावशी, आज सकाळी तीन वेळा तपासलंय."

"मीपण तपासलेली आहे," आत्या म्हणाली. "भिंतीवरच्या घड्याळावर. दहापैकी दहा."

"भिंतीवरच्या?" मुलीचे डोळे चमकले. "म्हणजे काटा येताना तुम्हाला दिसत होता?"

"मग काय डोळे मिटून करणार?"

"आणि शर्यतीत? शिट्टी येताना दिसते?"

आत्याने आपल्याच अंगठ्याकडे संशयाने पाहिलं. मी तिला असं करताना प्रथमच पाहत होते.

"बसा ना इथे माझ्याशेजारी," ती मुलगी खुर्ची ओढत म्हणाली. "दुपारच्या अठरा शर्यती आहेत. तुम्ही तुमच्या घड्याळाने वेळ घ्या, मी यंत्राची सांगते. काकांनाही बसवा."

माळीकाकांनी पिशव्या उतरवल्या आणि खिशातून आपलं घड्याळ काढलं, त्याबरोबर थोडी माती आणि सुतळीचा तुकडाही आला.

ती दुपार मी जन्मात विसरणार नाही. मी वहीत दोन रकाने पाडले, एक आत्याचा, एक काकांचा, आणि प्रत्येक शर्यतीनंतर यंत्राशी फरक लिहीत गेले. पहिली शर्यत: आत्या एकतीस शतांश कमी. काका चाळीस शतांश जास्त. दुसरी: आत्या तीस कमी. काका पस्तीस कमी. तिसरी: आत्या एकतीस कमी. काका पाच जास्त, आणि स्वतःवर इतके खूश की शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. चौथी: आत्या बत्तीस कमी. काका बावन्न कमी, कारण भोंगा वाजवणाऱ्याने हात उचलला तेव्हाच यांनी बटण दाबलं होतं. पाचवी: आत्या एकतीस. सहावी: एकतीस.

सातव्या शर्यतीला वेणीवाली मुलगी खुदकन हसली. आठव्याला मी हसले. आत्या मात्र घट्ट ओठ मिटून दाबत होती बटण. नववी: तीस. दहावी: एकतीस. अकरावीला तिच्या खांद्यांची हालचाल व्हायला लागली. मला वाटलं रडतेय. बारावीचा आकडा मी वाचला, "एकतीस," आणि आत्या फुटली! तोंडावर हात दाबूनही हसू बोटांच्या फटींतून बाहेर आलं. बावीस वर्षांचं साठलेलं असावं. ती खुर्चीत मागे रेलली, डोळ्यांतून पाणी, आणि म्हणाली, "अगं, मी एकाच जागी चुकतेय! बघ ना! दर वेळी त्याच जागी! इतकी शिस्तीत कुणी चुकतं का!"

मग काका हसले, ती मुलगी हसली, समोरच्या बाकावरचे पंच हसले, त्यांना कारणही माहीत नव्हतं. उरलेल्या सहा शर्यती आम्ही सगळ्यांनी हसतहसतच मोजल्या आणि तरीही आत्याचे आकडे एकोणतीस ते तेहतीसच्या बाहेर गेले नाहीत.

शेवटी वेणीवालीने बेरजा केल्या. आत्याची सरासरी: एकतीस शतांश कमी. काकांची सरासरी: दोन शतांश जास्त.

"दोन?" सर आमच्यामागे कधी येऊन उभे राहिले कुणास ठाऊक. "हे? दोन शतांश? हा माणूस?"

"एकेक आकडा घेतला तर काही खरं नाही," ती मुलगी म्हणाली. "अर्धा सेकंद इकडे, अर्धा सेकंद तिकडे. पण दोन्हीकडे सारखेच उधळतात, म्हणून अठरा मिळून बरोबर मध्यावर येतात. मावशींचं उलट. सगळे आकडे एकमेकांना चिकटलेले, पण सगळा घोळकाच बाजूला सरकलेला. मावशी, तुम्ही भोंगा ऐकता, मग दाबता. तेवढ्यात तीनएक दशांश गेले. शेवटी मात्र हात भिंतीकडे येताना दिसतो, म्हणून तिथे बरोबर थांबता. उशिरा सुरू, वेळेवर बंद."

"म्हणजे मी बरोबर नाही," आत्या म्हणाली.

"एकसारख्या आहात. बरोबर असणं वेगळं."

आत्याने वहीतला आपला रकाना पुन्हा वरून खाली वाचला. "मग आता?"

"आता काय! सोपं आहे. तुमच्या प्रत्येक आकड्यात एकतीस मिळवा. यंत्राशी गाठ पडेल. काकांच्या आकड्यात काय मिळवणार? दर वेळी वेगळंच! त्यांना वीस वेळा मोजायला लावावं लागेल."

"वीस वेळा कोण पोहणार?" मी म्हणाले.

माळीकाका मात्र सरासरी दोन ऐकल्यापासून जमिनीवर नव्हतेच. "मी मध्यावर आहे," ते बसमध्ये चढताना कंडक्टरला सांगत होते. "एकूण पाहिलं तर मी मध्यावर आहे."

परतीच्या प्रवासात सरांनी आम्हा पाचजणांची माफी मागितली, एकेकाची, नाव घेऊन. खांब एवढा भारावला की त्याने आपली खिडकीची जागा त्यांना दिली. आणि मला एकदम लक्षात आलं, की मी घरीही चौतीस बासष्टच पोहत होते. घाबरले नव्हते. जेवढी होते तेवढीच पोहले होते. वाईट वाटायला हवं होतं, पण हलकं वाटत होतं.

आता प्रश्न होता फलकाचा. आमच्या तलावाच्या प्रवेशाजवळ भिंतीवर मोठा फलक होता. सोळा शर्यती, प्रत्येकीतले पहिले तिघे, आणि त्यांच्या वेळा, पांढऱ्या रंगाने. सगळ्या आत्याने घेतलेल्या. म्हणजे सगळ्या चुकीच्या. बाबांनी सुचवलं, "ताई, राहू दे. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," आत्या म्हणाली आणि रंगाचा डबा आणायला गेली.

बातमी पसरली. दुसऱ्या दिवशी फलकाखाली गर्दी. कुणाचा भाऊ, कुणाची आई, कुणी स्वतः, आता पोट सुटलेले आणि केस गेलेले. "आमचा विक्रम पुसणार?" एकच कालवा. आत्या तिकीटखिडकीतून बाहेर आली, स्टूलवर चढली आणि म्हणाली, "सगळे हळू होणार आहात. पण सगळे सारखेच हळू होणार आहात. जो पहिला तो पहिलाच राहील. मी कुणाच्या बाबतीत जास्त चुकले नाही, कुणाच्या बाबतीत कमी चुकले नाही."

गर्दीने यावर विचार केला. मग एक टकलू म्हणाला, "म्हणजे मी दुसराच?"

"दुसराच."

"आणि हा तिसराच?"

"तिसराच."

"मग करा काय करायचं ते!" आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले.

गर्दीत औषधांच्या दुकानाची मालकीण होती. महिलांच्या पन्नास मीटरमध्ये तिचं नाव पहिलं होतं, तेहतीस बहात्तर, एकवीस वर्षांपूर्वीचं. ती म्हणाली, "अहो, माझ्याकडचा तराजू असाच आहे. काटा मुळात शून्याच्या जरा पुढे उभा राहतो. वजन कितीही वेळा करा, तेच येतं, आणि दर वेळी तेवढंच जास्त. म्हणून रोज सकाळी आधी काटा शून्यावर आणायचा, मग दुकान उघडायचं. घड्याळताईंचा काटा आता शून्यावर आला, एवढंच."

सगळं असं गोडीगुलाबीने चाललं होतं, तेवढ्यात जुनी वही घेऊन ताडून पाहणाऱ्या सरांचं बोट फलकावर एका जागी थांबलं.

"पण हा आकडा वहीत पेन्सिलीने आहे. ही वेळ तुमची नाही, ताई."

महिला पन्नास मीटर, दुसरा क्रमांक, तेहतीस नव्वद. ते नाव माझ्या आईचं होतं. आई तेव्हा एकोणीस वर्षांची होती, बाबांची आणि तिची ओळखही व्हायची होती. त्या दिवशी आत्याला गालगुंड झालं होतं आणि वेळ एकट्या माळीकाकांनी घेतली होती. त्यात एकतीस मिळवायचे नव्हते. औषधवाल्या बाईंच्या वेळेत मिळवायचे होते. तेहतीस बहात्तर अधिक एकतीस, म्हणजे चौतीस सेकंद तीन शतांश. आणि आईचे तेहतीस नव्वदच.

"म्हणजे मी पहिली?" आई मागून म्हणाली. ती मला डबा द्यायला आली होती.

"थांबा, थांबा," औषधवाल्या बाई म्हणाल्या. "माळीबुवा अर्धा सेकंद इकडेतिकडे जातात असं आत्ताच ऐकलं मी. तो आकडा चौतीस चाळीससुद्धा असू शकतो."

"किंवा तेहतीस चाळीस," आई म्हणाली.

सगळे माळीकाकांकडे वळले. "मी एकूण पाहिलं तर…" त्यांनी सुरुवात केली.

"एकदाच मोजलंत तुम्ही," आत्या म्हणाली. "एकदाच्यात एकूण नसतं."

आता हे सोडवायचं कसं? औषधवाल्या बाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "पुन्हा पोहू."

पुढच्या रविवारी सकाळी अख्खा मोहल्ला तलावावर. मोबाइल, मनगटी घड्याळं, स्वयंपाकघरातले टायमर, ज्याच्याकडे जे होतं ते घेऊन लोक आले होते. सरांनी प्रत्येक लेनला चौदाजण उभे केले. आई चाळीस वर्षांची, पोहणं सोडून दहा वर्षं झालेली, माझी टोपी घालून, जी तिच्या कानांवर येत नव्हती. औषधवाल्या बाईंनी चष्मा कुणाला तरी दिला आणि मग "तलाव कुठल्या बाजूला?" असं विचारलं. लोक हसून लोळायचे बाकी होते.

शिट्टी वाजली. माळीकाकांनी आधीच दाबलं होतं. दोघींनी उड्या मारल्या, म्हणजे पडल्या, आणि असा काही धबधबा उडवला की दोन्ही बाजूंचे वेळ घेणारे भिजले. पंचवीस मीटरला दोघी बरोबरीत वळल्या. बाबा काठावरून इतके वाकले की त्यांचं वर्तमानपत्र पाण्यात गेलं. आई हसायला लागली, पोहताना, आणि हसताना पाणी प्यायली, तरी शेवटच्या दहा मीटरला हात असे फिरवले की ती स्पष्ट दोन हातांनी पुढे निघाली आणि भिंतीला आदळली. घड्याळाची गरजच नव्हती. औषधवाल्या बाई आल्या, धापा टाकल्या, आणि म्हणाल्या, "आज तू. तेव्हाचं मला माहीत नाही."

"मलापण नाही," आई म्हणाली, आणि दोघी पाण्यातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

आईची वेळ चौदा लोकांनी चौदा तऱ्हांची लावली होती, सेहेचाळीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत. स्वयंपाकघरातल्या टायमरवाल्याने "एक मिनिट" असं कळवलं. तो आकडा सोडला.

फलकावर काय लिहायचं, ते आत्याने ठरवलं. पहिल्या क्रमांकावर दोघींची नावं. औषधवाल्या बाईंपुढे चौतीस तीन. आईपुढे तेहतीस नव्वद, आणि त्याच्या पुढे 'साधारण'. आईला तो शब्द इतका आवडला की ती बरेच दिवस फोन उचलून "हॅलो, साधारण पहिली बोलतेय," असं म्हणायची.

रंगकाम तीन दिवस चाललं. आत्या शिडीवर, माळीकाका शिडी धरून, मी खाली बेरजा तपासत. तिसऱ्या दुपारी काम संपत आलं होतं. आत्या वरूनच म्हणाली, "काय हो, तुम्ही मला लग्नाचं किती वेळा विचारलंत आजवर?"

माझ्या हातातली वही पडली. मला यातलं काहीएक माहीत नव्हतं.

माळीकाका कानांपर्यंत लाल झाले. "मोजलं नाही. पाच? आठ?"

"नऊ. एकदा गुलाबाचं कलम देऊन, एकदा चिठ्ठी लिहून, एकदा तर पोहायच्या टोपीतून फुलं आणली होतीत. दर वेळी निराळंच. आणि मी काय म्हणाले?"

"'नको,'" काका म्हणाले. "नऊही वेळा. एकाच सुरात."

"हं." आत्याने कुंचला डब्याच्या कडेला निथळवला. "मला वाटायचं, मी इतक्या ठामपणे एकच उत्तर देते म्हणजे ते बरोबरच असणार."

काका वर पाहत राहिले. "मग?"

"मग पुन्हा विचारा की. का दहाव्या वेळेला हात आखडला?"

काकांनी दोन्ही हात वर केले. दोन्ही! शिडी हलली, आत्या किंचाळली, रंगाचा डबा सुटला, आणि काका नखशिखान्त पांढरे झाले. आत्या वरच्या पायरीला लोंबकळत होती आणि हसत होती, मी शिडीला मिठी मारून हसत होते, आणि काका पांढऱ्या पापण्या मिचकावत म्हणत होते, "विचारतो, विचारतो, आधी खाली या, विचारतो!"

बाबांना कळलं तेव्हा ते वर्तमानपत्रात गेलेच नाहीत. उठून उभे राहिले, काकांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "सांभाळा. म्हणजे, स्वतःला सांभाळा."

लग्न साधंसं, महिन्याभरात झालं. आत्याच्या वरच्या खोलीत मी राहायला गेले आणि ती काकांच्या बागेमागच्या दोन खोल्यांत. काकांच्या घरी चहा कधी चारला, कधी सहाला व्हायचा. आत्या म्हणायची, "आता झालीय सवय," आणि हळूच घड्याळाकडे पाहायची.

पुढच्या मोसमात वहीची पद्धत बदलली. आत्याच्या आकड्यात एकतीस मिळवून शाईने. काकांचे आकडे आता बाजूला टाकत नव्हते. महिनाभराचे जमवून सरासरी काढायची आणि आत्याच्या सरासरीशी ताडून पाहायची. दोन्ही जवळ आल्या की समजायचं, काटा जागेवर आहे. एका महिन्यात दहा शतांशांचं अंतर पडलं, तर आत्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली आणि चष्म्याचा नंबर वाढल्याचं निघालं.

त्या वर्षी वहीप्रमाणे चौघंच निवडीच्या वेळेखाली होती. बेडकी, तिची बहीण, खांब आणि मी. कुणी पाण्यात उड्या मारल्या नाहीत. सर नुसते म्हणाले, "ही चार खरी आहेत." बसमध्ये मात्र तीच गाणी, त्याच जोरात.

मोठ्या तलावावर वेणीवाली मुलगी होती. तिने आत्याच्या बोटातली अंगठी पाहिली आणि काकांकडे पाहून भुवया उंचावल्या. काका म्हणाले, "दहाव्यांदा."

चौघंही निवडली गेली. माझ्या शर्यतीच्या आधी आत्याने मला वही दाखवली. घरची वेळ, मिळवणी करून: तेहतीस ब्याण्णव. मी उडी मारली, पोहले, पट्टीला हात लावला आणि वर पाहिलं.

तेहतीस नव्वद.

मी पाण्यातून ओरडले, "आत्या! तू दोन शतांश चुकलीस!"

"मी नाही," ती काठावरून ओरडली, "तू दोन शतांश जास्त जोरात पोहलीस, वेडे!" आणि तिच्याशेजारी काका दोन्ही हात हवेत उडवत नाचत होते, घड्याळ अजून चालूच होतं.